देवीला नेसवतो कोण, आणि गोष्ट कोणाची?

नवरात्र सुरू झाले की मराठी वर्तमानपत्रांत एक छायाचित्र ठरलेले असते. करवीर निवासिनी अंबाबाईची आजची पूजा. कधी देवी अंबारीत, कधी रथात, अष्टमीला महिषासुरमर्दिनी. शेजारी तुळजाभवानी : आज रथ अलंकार, उद्या मुरली अलंकार, मग शेषशाही, मग भवानी तलवार, मग पुन्हा महिषासुरमर्दिनी. गाभाऱ्यातला दगड तोच असतो. वस्त्रे, दागिने, वाहने आणि आयुधे बदलून पुजारी त्याच दगडाची रोज नवी देवी उभी करतात, आणि प्रत्येक रूपामागे पुराणातली एखादी गोष्ट असते.

हे फोटो आता आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पोरापोरींच्या स्टेटसवरही दिसतात. अभ्यासवर्गात विषय निघाला तेव्हा दोन मते आली. पहिले मत असे की ही एक कला आहे, सुंदर दिसते, फोटो टाकला तर बिघडले काय? दुसरे मत कडक. आपण १९५६ साली तो धर्म सोडला, आता त्या देवीने काय नेसले याच्याशी आपला संबंध काय?

आम्हाला ही दोन्ही मते एकाच कारणासाठी चुकीची वाटतात. दोघांनीही कपड्याला फक्त कपडा मानले आहे. देवळातला कपडा हा पोथीचा भाग असतो. ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हते, जिला पोथीला हात लावायची परवानगी नव्हती, तिला पुराण सांगायचे कसे? मूर्तीला गोष्ट नेसवून. शतकानुशतके ही शिकवणी चालली. वाद घालायला तिथे जागाच नाही, कारण बोलणारा कोणी नाही. समोर फक्त रूप आहे आणि आपले हात जोडलेले आहेत.

दुसऱ्या मताच्या मित्रांना एक आठवण करून देतो. १९३० चा काळाराम सत्याग्रह झाला, दरवाजे उघडले नाहीत, १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर त्यांना देवळात शिरण्यात रस उरला नाही. पण देवांच्या गोष्टी तपासणे त्यांनी थांबवले का? 'रिडल्स इन हिंदुइझम' हे लेखन त्यानंतरचेच आहे. त्यातले एक कोडे तर नेमके याच विषयाचे आहे : ब्राह्मणांनी देवांना खाली उतरवून देवींना सिंहासनावर का बसवले? वेदांतल्या देवी लढाया करत नाहीत आणि पुराणांतल्या देवी मात्र एकामागून एक असुर मारत सुटतात, हा बदल का झाला, असे बाबासाहेब विचारतात. शासनाने १९८७ मध्ये हा खंड छापला तेव्हा त्यातले राम-कृष्णाचे परिशिष्ट काढून टाका म्हणून केवढे रान उठले, आणि ते राहावे म्हणून १९८८ मध्ये आपली माणसे याच मुंबईत रस्त्यावर उतरली. संबंध नसता तर उतरली असती का?

आता तुळजापूरचे पाच अलंकार जरा जवळून पाहू. रथ अलंकाराची गोष्ट : असुरांशी लढण्यासाठी सूर्याने देवीला आपला रथ दिला. मुरली अलंकार : श्रीकृष्णाने तिला आपली मुरली दिली. शेषशाही : विष्णूने तिला निद्रेसाठी आपली शेषशय्या दिली. म्हणजे पाचांतल्या तीन दिवशी देवी घेणारी आहे. रथ दुसऱ्याचा, बासरी दुसऱ्याची, झोपायची जागासुद्धा दुसऱ्याची. मराठवाड्यातल्या आराधी-गोंधळ्यांची, कवड्यांच्या माळेची आणि पोताच्या उजेडाची ही भवानी. तिच्या हातात मुरली आली कुठून? लोकांची आई हळूहळू वैष्णव पुराणात नेऊन बसवायची, तीही कोणाला न दुखावता, गाजावाजा न करता, तर एका दिवसाची पूजा पुरते. पुढच्या पिढीला वाटते, हे असेच होते.

आता भवानी तलवार अलंकार पाहा. देवी छत्रपती शिवरायांना तलवार देते आहे, असा हा देखावा. शिवरायांची भक्ती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण तलवार लोहाराच्या भट्टीत तयार होते. स्वराज्य उभे राहिले ते मावळ्यांच्या, कोळी-भंडारी आरमाराच्या, गडांवर राबलेल्या महार-मांग-रामोशांच्या बळावर. कॉ. गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका हेच तर सांगते. रयतेचा हा पराक्रम 'वरदान' या एका शब्दात गुंडाळला की रयत गोष्टीतून बाहेर जाते. मग उरतात दोघेच : देणारी देवी आणि घेणारा राजा. आणि त्या दोघांच्या मधे, तो प्रसंग दरवर्षी नेसवून दाखवणारा पुजारी.

असेच एक उदाहरण आमच्या वरळीच्या तोंडाशी आहे. हाजीअलीच्या पुढे महालक्ष्मीचे देऊळ. त्याची आख्यायिका मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. अठराव्या शतकात इंग्रजांनी वरळीची खाडी बुजवायला बांध घालायला घेतला, तो वारंवार ढासळत होता. रामजी शिवजी नावाच्या प्रभू अभियंत्याच्या स्वप्नात देवी आली, खाडीतून मूर्ती काढल्या आणि मग बांध टिकला. तोच हॉर्नबी वेलार्ड. आज तिथल्या तिन्ही मूर्तींवर दिवसभर सोन्याचे मुखवटे असतात. मूळ दगडी मुखे रात्री उशिरा थोडा वेळ उघडी होतात आणि तेवढ्यासाठी लोक थांबून राहतात. तर बांध कोणी बांधला? भरती-ओहोटीच्या चिखलात उभे राहून दगड वाहणाऱ्या मजुरांचे एकही नाव त्या गोष्टीत नाही. स्वप्न बघणाऱ्याचे नाव आहे. मुखवटा फक्त मूर्तीवर असतो असे नाही.

महिषासुराबद्दल तर आपल्याला वेगळे सांगायला नको, तरी तरुणांसाठी सांगतो. दोन्ही देवळांत जे रूप नवरात्राचा कळस म्हणून दाखवतात त्यात एक काळा, अर्धा माणूस-अर्धा रेडा असा पुरुष पायाखाली तुडवलेला असतो. आता गावाकडे जा. शिवेवर शेंदूर लावलेला म्हसोबा सापडेल. पीक राखणारा, वाट राखणारा. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त या म्हसोबाचा अर्थ लावला. बळीराजाच्या राज्यातला महासुभा, म्हणजे मोठ्या प्रांताचा अधिकारी. कोणी म्हणेल, ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकत नाही. न टिको. पण धर्मानंदांचे चिरंजीव दा. ध. कोसंबी यांनी पायी फिरून नोंदवलेले तर टिकते : हाच म्हसोबा काही गावांत देवीचा नवरा आहे. डोंगराच्या एका बाजूला ती त्याला मारते, दुसऱ्या बाजूला त्याच्याशी लग्न लावते. दोन गोष्टी होत्या. देवळाने त्यातली एक निवडली, तिलाच रेशीम नेसवले आणि दुसरी शिवेवरच्या दगडाजवळ ठेवून दिली.

कोल्हापूरकरांचे तर आणखी गमतीचे. देवीने ज्या कोल्हासुराला मारले म्हणतात त्याचेच नाव शहराने धारण केले आहे. मरताना त्याने तेवढे मागून घेतले, अशी कथा आहे. ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर असुराच्या नावाने कोहळा फोडतात आणि त्याचे तुकडे मिळवायला झुंबड उडते. ज्याला मारल्याचा आनंद साजरा करायचा त्याच्याच गावात राहायचे.

पण कोल्हापूरची सर्वांत बोलकी गोष्ट शालूची आहे. दरवर्षी नवरात्रात तिरुपती देवस्थानकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो. वाजतगाजत येतो, बातम्या होतात. यामागची कथा किती जणांना पूर्ण माहीत आहे? भृगू नावाचा ब्राह्मण ऋषी विष्णूच्या छातीवर लाथ मारतो. विष्णू काय करतो? उठून त्या ऋषीचे पाय चेपतो, पायाला लागले तर नाही ना म्हणून विचारतो. लक्ष्मीला हे सहन होत नाही. ती चिडून घर सोडते आणि करवीरला येऊन राहते. म्हणून तिच्या नवऱ्याच्या घरून शालू.

ही गोष्ट नीट वाचा, भावांनो आणि बहिणींनो. ब्राह्मणाने देवाला लाथ मारली तरी देवाने त्याचे पाय चेपावेत, हा तिचा सरळ उपदेश आहे. त्या संपूर्ण कथेत स्वाभिमान दाखवला तो एकट्या बाईने. तिच्या नशिबी काय आले? घर सुटले, आणि वर्षाला एक शालू. कोल्हापुरातल्या पुरोगामी मंडळींनी या शालूवर अनेकदा आक्षेप घेतला आहे. त्यांचे म्हणणे, अंबाबाई विष्णुपत्नी नाहीच, तिच्या मस्तकावर शिवलिंग आहे, जवळ सिंह आहे, ती स्वतंत्र शक्तिदेवता आहे. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा मुद्दा वजनदार आहे. आम्ही त्यात एवढेच घालतो : ती कोणाची बायको हा वाद मिटला तरी भृगूच्या लाथेचा हिशेब बाकीच राहतो.

याच देवळात जून २०१७ मध्ये काय झाले ते आठवा. पुजाऱ्यांनी एके दिवशी देवीला काठापदराच्या साडीऐवजी घागरा-चोली नेसवली आणि कोल्हापूर पेटले. मोर्चे निघाले, 'पुजारी हटाव'चे आंदोलन उभे राहिले, जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावण्या झाल्या. शेवटी २०१८ मध्ये विधिमंडळाने पगारी पुजारी नेमण्याचा कायदा केला.

या संतापातला एक भाग आम्हाला मुळीच पटला नव्हता. 'घागरा म्हणजे परप्रांतीयांचा पोशाख' हा सूर. घागऱ्याने देवी बाटते असे मानणारा माणूस उद्या कोणत्याही बाईच्या कपड्यांवर बोट ठेवेल. ठेवलेच होते. आदल्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, तृप्ती देसाई याच गाभाऱ्यात गेल्या तेव्हा साडी न नेसता पंजाबी ड्रेसमध्ये आल्या म्हणून हरकत घेतली गेली आणि त्यांना मारहाण झाली. देवी बाई आहे, पण तिच्याजवळ जायचे तर बाईने काय घालायचे हे दुसरेच ठरवणार. (नवरात्राच्या नऊ रंगांची साथही अशीच. एका वर्तमानपत्राने वीसेक वर्षांपूर्वी सुरू केलेला खपाचा उपक्रम, आज लोकलच्या महिला डब्यात परंपरा म्हणून मिरवतो. ऑफिसात त्या दिवशी वेगळा रंग घालून गेलेल्या आपल्या मुलींना विचारा, कसे बघतात ते.)

पण त्या आंदोलनाचा गाभा योग्य होता. एका घराण्यात जन्मलो म्हणून सार्वजनिक देवस्थानातल्या मूर्तीला वाटेल ते नेसवू आणि तिच्यापुढचे उत्पन्न घेऊ, हा हक्क कोणी दिला? हा प्रश्न शाहू महाराजांच्या नगरीत विचारला गेला याचे आश्चर्य नाही. वेदोक्ताच्या अपमानानंतर ज्या राजाने पुरोहितशाहीशी उभा दावा मांडला, ब्राह्मणेतर पुरोहित तयार करायला वैदिक शाळा काढली, मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांना पुढारी म्हणून बहुजनांसमोर उभे केले, त्याची ही नगरी.

आणि बाबासाहेबांनी तर १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये याचा आराखडा मांडून ठेवला आहे. पुरोहितपण बंद झाले तर उत्तम. ते होत नसेल तर निदान वंशपरंपरागत नको. सरकारी परीक्षा घ्या, पास होईल त्याला सनद द्या, सनदेशिवाय केलेला विधी बेकायदा ठरवा, पुरोहिताला सरकारी नोकर करा, त्यांची संख्या कायद्याने ठरवा. डॉक्टर-वकिलाला जे लागू तेच भटजीला. हे वाचल्यावर २०१८ चा कायदा बाबासाहेबांच्या सूचनेचा फार लहान, फार उशिरा आलेला तुकडा वाटतो. तोसुद्धा एका देवळापुरता, आणि झाल्यानंतरही अंमलबजावणी कधी हे कोल्हापूरकरांना पुन्हा पुन्हा विचारावे लागले.

इथे आमचे काही बहुजनवादी मित्र थांबतात. ब्राह्मण पुजारी गेला, बहुजन पुजारी आला, प्रश्न संपला. मग तुळजापुरात काय चालले आहे? तिथले भोपे पुजारी मराठा आहेत, ब्राह्मण नाहीत. मूर्तीला हात लावणारे हात बहुजनांचे आहेत. तरी मुरली तीच, शेषशय्या तीच, महिषासुर तसाच पायाखाली. पंढरपुरात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे हक्क संपवले, त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींतून आणि स्त्रियांमधूनही पुजारी घेतले. आम्ही त्याचे स्वागत केले, आजही करतो. पण बाबासाहेबांनी १९५४ च्या डिसेंबरात देहूरोडला सांगितले होते की पंढरीची मूर्ती बुद्धाची आहे आणि ते सिद्ध करणारे लेखन आपण करणार आहोत. रा. चिं. ढेरे यांनी त्याच विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. या दोन्ही शोधांचा मागमूस तिथल्या रोजच्या पोशाखात दिसतो का? हात बदलले, गोष्ट बदलली नाही. गोष्ट बदलायची तर आधी ती कोणी लिहिली हे विचारावे लागते, आणि तो प्रश्न पगारी पुजाऱ्याच्या नेमणूकपत्रात नसतो.

याच्याही खाली एक थर आहे. या सोहळ्यांत जातीजातींना 'मान' वाटून दिलेला असतो. तुळजाभवानीचा पलंग नगर जिल्ह्यातून येतो, पालखी बुऱ्हाणनगरची, त्यात तेली समाजाचा मान. गावोगावच्या जत्रांत कोणाला मशाल धरायचा मान, कोणाला हलगी वाजवायचा, कोणाला वाट झाडायचा. आमच्या आजोबांच्या गावी महारांनाही मान होता आणि म्हातारी माणसे तो अभिमानाने सांगत. हा मान म्हणजे काय? वतन. काम जन्माने ठरलेले, मोबदला नारळाची भकल, आणि सोडायचे म्हटले तर गावाचा रोष. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले तेव्हा वतनाला चिकटलेल्या आपल्याच माणसांना त्यांना समजवावे लागले होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. देवळाच्या अंगणातली मानाची वतने मात्र कोणी मोजलीसुद्धा नाहीत. म्हणून बहुजन तरुण जेव्हा 'आम्हालाही देवीचा अमुक मान आहे' म्हणून रील टाकतो तेव्हा त्याला हसू नका. त्याला विचारा, हा मान तुला राजीनामा देऊन सोडता येतो का?

आता स्वतःकडे वळू, नाहीतर हा लेख दुसऱ्यांच्या घरातली धूळ मोजण्यापुरता राहील. बौद्ध झाल्याने मूर्ती सजवण्याची खोड आपोआप जात नाही. थायलंडकडे पाहा. बँकॉकच्या राजवाड्यातल्या वाट फ्रा केव विहारात पाचूचा म्हणून ओळखला जाणारा बुद्ध आहे. त्याला वर्षातून तीनदा सोन्याचा पोशाख चढतो : उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा, थंडीचा. पोशाख बदलण्याचा अधिकार राजाचा. ज्या तथागताने राजवस्त्रे उतरवून चीवर घेतले त्याला राजा पुन्हा राजवस्त्रे चढवतो. त्यातून सिद्धार्थाची गोष्ट सांगितली जाते की सिंहासनाची?

आणि आपल्या १४ एप्रिलच्या बॅनरवर? बाबासाहेबांचा कोट, टाय, हातातले संविधान हीसुद्धा एक सांगितलेली गोष्टच आहे, आणि ती खरी आहे. ज्या माणसाच्या अंगावर कोणते कपडे असावेत हे मनुस्मृती ठरवत होती, त्याने स्वतःच्या कपड्यांची निवड स्वतः केली. म्हणून गावातल्या पुतळ्याचा निळा कोट काहींना आजही सलतो. पण त्याच बॅनरवर डोक्यामागे तेजोवलय, माथ्यावर मुकुट, कुठे पुतळ्याला दुधाचा अभिषेक, कुठे नोटांचा हार. हे चढवणारे हात आपले आहेत. अभिषेक करू द्यायला आज मंडळाचा अध्यक्ष आहे. उद्या त्याचा मुलगा असेल, आणि परवा तो म्हणेल की हा मान आमच्या घराण्याचा.

वरळीत हे बोलणे सोपे नव्हते आणि आजही नाही. ५ जानेवारी १९७४ ला याच बीडीडीच्या आवारात पँथरच्या सभेवर दगड आले, दंगल उसळली. पाच दिवसांनी निषेध मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. देवांविषयी बोललात म्हणून दगड, असे तेव्हा सांगितले गेले. बोलणे बंद झाले नाही. आता चाळींच्या जागी चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत, नवरात्र मंडळे पोडियमवर जातील, आणि वर्गणीची पावती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येईल. भांडण काढायची गरज नाही. वर्गणी ऐच्छिक आहे हे लेखी मागा, सोसायटीच्या देखभाल खात्यातून एकाही धर्माच्या उत्सवाला पैसा जाणार नाही असा ठराव मांडा, आणि आपल्या जयंतीलाही तोच नियम लावा.

आमचा अभ्यासवर्ग या अष्टमीला संध्याकाळी सात वाजता बसणार आहे. 'गुलामगिरी'तला बळीचा भाग आणि 'रिडल्स'मधले देवींचे कोडे, एवढेच वाचायचे आहे. ज्यांनी स्टेटसला फोटो ठेवले होते त्यांना आधी बोलावले आहे. त्यांनी तो फोटो घेऊनच यावे, म्हणजे त्यावरच बोलता येईल.

जय भीम.